जलविरोधी मेम्ब्रेन: बनवताना आणि चालवताना ते भिजू नये म्हणून

वायुशुद्धीकरणासाठी जलविरोधी मेम्ब्रेन (पाणी आत न घेणारा, बारीक छिद्रांचा पडदा) बनवणाऱ्यांची एक तक्रार नेहमी ऐकू येते. स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन) १५० अंश आला, थेंब मोत्यासारखा घरंगळला, फोटो छान आला. मेम्ब्रेन मॉड्यूलमध्ये (ते धरून ठेवणाऱ्या कामाच्या संचात) बसवलं आणि दोन दिवसांत कार्बन डायऑक्साइड शोषण्याचा वेग निम्म्यावर! मग सगळा राग लेपावर निघतो. लेप बहुतेक वेळा ठीक असतो. द्रव चुकीचा निवडलेला असतो, चाचण्या उलट्या क्रमाने झालेल्या असतात, नाहीतर पहिल्याच दिवशी भलताच व्हॉल्व आधी फिरवलेला असतो.

हा लेख प्रयोगशाळेत पीव्हीडीएफ या फ्लोरिनयुक्त प्लास्टिकचं सपाट मेम्ब्रेन बनवून ते बायोगॅस किंवा धुराड्यातल्या वायूसाठी वापरणाऱ्यांसाठी आहे. तयार पॉलिप्रॉपिलीन किंवा पीटीएफई (टेफ्लॉन) मेम्ब्रेन विकत घेतलं असेल तर टप्पा ३ आणि ४ सोडा, बाकीचे सोडू नका.

## आधी एवढं डोक्यात ठेवा

या मांडणीत मेम्ब्रेन चाळणीचं काम करत नाही. एका बाजूने वायू वाहतो, दुसऱ्या बाजूने शोषक द्रव, आणि दोघांची गाठ छिद्रांच्या तोंडाशी पडते. कोणता वायू उचलायचा ते द्रव ठरवतो. मेम्ब्रेनचं काम दोघांना वेगळं ठेवून भेटीसाठी भरपूर पृष्ठभाग देणं. त्यासाठी छिद्रांत वायूच राहिला पाहिजे.

द्रव आत शिरला तर काय होतं? कार्बन डायऑक्साइडचा विसरण गुणांक (तो किती वेगाने पसरतो ते सांगणारा आकडा) हवेत सुमारे १.६ × १०⁻⁵ चौ. मीटर प्रति सेकंद, पाण्यात सुमारे १.९ × १०⁻⁹. म्हणजे पाण्यातून तो आठ हजारपट हळू सरकतो. तुमचं मेम्ब्रेन १०० मायक्रोमीटर जाड आहे आणि द्रव फक्त ५ मायक्रोमीटर आत गेला, असं धरा. साध्या भौतिक शोषणात त्या ५ मायक्रोमीटरचा अडथळा ४ सेंटीमीटर स्थिर हवेएवढा होतो. कोरड्या छिद्रांच्या मेम्ब्रेनचा स्वतःचा अडथळा याच्यापुढे नगण्य आहे. रासायनिक शोषकात प्रतिक्रियेमुळे हा फटका थोडा कमी बसतो, पण बसतोच.

म्हणून पुढच्या प्रत्येक टप्प्यात एकच प्रश्न विचारायचा: यामुळे छिद्र कोरडं राहील का?

## टप्पा १: शोषक द्रव आधी ठरवा

बहुतेक जण मेम्ब्रेन आधी बनवतात आणि द्रव नंतर निवडतात. क्रम उलटा करा, कारण पदार्थ कुठला घ्यायचा, लेप लागेल की नाही, हे सगळं द्रवावर ठरतं.

साधं पाणी मेम्ब्रेनला सगळ्यात कमी त्रास देतं. पृष्ठताण (द्रवाचा पृष्ठभाग आक्रसून ठेवणारा ताण) २५ अंश सेल्सियसला ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, रसायन सौम्य. दाबाखालच्या बायोगॅससाठी ते पुरतं, पण शोषण्याची ताकद बेताची असते. मोनोइथेनॉलअमाइनसारखी अमाइनं (अमोनियाच्या जातीची रसायनं) झपाट्याने शोषतात, मात्र त्यांच्या द्रावणाचा पृष्ठताण पाण्यापेक्षा कमी असतो, ती अल्कधर्मी असतात आणि पीव्हीडीएफला हळूहळू खातात. पीव्हीडीएफ पिवळं, मग तपकिरी पडू लागलं तर साखळीतून हायड्रोजन फ्लोराइड निघून दुहेरी बंध तयार होत आहेत असं समजा. असं मेम्ब्रेन आधी भिजतं, मग ठिसूळ होतं.

अमिनो आम्लांच्या पोटॅशियम क्षारांची द्रावणं, उदाहरणार्थ पोटॅशियम ग्लायसिनेट, इथे फार कामाची आहेत. त्यांचा पृष्ठताण पाण्यापेक्षाही जास्त असतो आणि ती बाष्प होऊन उडत नाहीत. पण तीही अल्कधर्मीच, त्यामुळे पदार्थाशी पटतंय का हे तपासावंच लागतं. गरम, घट्ट अमाइनच वापरायचं असेल तर पीव्हीडीएफवर महिने घालवण्यापेक्षा सरळ पीटीएफईकडे वळा. पीटीएफईचा पृष्ठभाग-ऊर्जेचा आकडा (जितका कमी, तितकं भिजणं अवघड) २० मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास आहे, पीव्हीडीएफ आणि पॉलिप्रॉपिलीनचा ३० च्या आसपास. अल्कलीला तर पीटीएफई जुमानत नाही.

सावधान: द्रवात फेस मारणारं रसायन, गंजरोधक किंवा तेलाचा अंश असेल तर वरचे आकडे कागदावरच राहतात. फेसरोधकं पृष्ठताण पाडतात किंवा मेम्ब्रेनवर तवंग धरतात, आणि छिद्रं हळूच भिजवून टाकतात. पुरवठादाराच्या पिंपात काय काय आहे ते लेबलवर नाही, माहितीपत्रकात शोधा.

तपासणी: निवडलेला द्रव, कामाचं तापमान आणि त्या तापमानाला मोजलेला पृष्ठताण हे तीन आकडे नोंदवहीत आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा २: दाबाचं गणित, मेम्ब्रेन बनवण्याआधी

छिद्रात द्रव घुसवायला किती दाब लागेल हे लाप्लास समीकरण सांगतं. दंडगोल छिद्रासाठी तो दाब म्हणजे ४ गुणिले पृष्ठताण गुणिले स्पर्शकोनाच्या कोसाइनची ऋण किंमत, भागिले सगळ्यात मोठ्या छिद्राचा व्यास. खरी छिद्रं दंडगोल नसतात. त्यासाठी एकापेक्षा लहान गुणक लावतात, म्हणजे खरा आकडा गणितापेक्षा कमीच निघतो.

आता आकडे घालून पाहा. पाणी, कोन ११० अंश, मोठ्यात मोठं छिद्र ०.२ मायक्रोमीटर: उत्तर सुमारे ४.९ बार. निश्चिंत वाटतं. त्याच मेम्ब्रेनमध्ये कुठेतरी १ मायक्रोमीटरचं एक छिद्र निघालं तर ०.९८ बार. आता पाण्याऐवजी पृष्ठताण ५० चा द्रव घ्या, त्याचा कोन ९५ अंश धरा, छिद्र तेच १ मायक्रोमीटरचं: ०.१७ बार. म्हणजे जेमतेम पावणेदोन मीटर पाण्याच्या उभ्या स्तंभाचा दाब. मॉड्यूल उभं ठेवलं तर नुसत्या उंचीनेच तळाची छिद्रं भरू शकतात.

इथे दोन चुका ठरलेल्या. पहिली म्हणजे छिद्राचा सरासरी आकार समीकरणात घालणं. भिजणं सरासरीपासून सुरू होत नाही, सगळ्यात मोठ्या छिद्रापासून होतं. दुसरी जास्त फसवी: खडबडीत पृष्ठभागावर मोजलेला १५० अंशांचा कोन समीकरणात घालणं. त्या १५० मध्ये थेंबाखाली अडकलेल्या हवेचा मोठा वाटा असतो. छिद्राच्या आत द्रवाला भेटते ती पॉलिमरची भिंत, आणि तिचा कोन गुळगुळीत पृष्ठभागावरच्या कोनाच्या जवळ असतो. फ्लोरिनयुक्त गटांनी गच्च झाकलेल्या गुळगुळीत पृष्ठभागावरही पाण्याचा कोन १२० अंशांच्या फार वर जात नाही. लेखांमधले बरेचसे अवास्तव दाब या एका गडबडीतून येतात.

तपासणी: तुमच्या द्रवासाठी, मोठ्या छिद्रासाठी आणि गुळगुळीत पृष्ठभागाच्या कोनासाठी निघालेला दाब कामाच्या दाबफरकाच्या (द्रवाचा दाब वजा वायूचा दाब) निदान तिप्पट हवा. तेवढा नसेल तर छिद्रं लहान करा किंवा द्रव बदला. लेप जाड करून हा आकडा सुधारत नाही.

## टप्पा ३: मेम्ब्रेन ओतणं

पीव्हीडीएफची पूड ८० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर सुकवा. एनएमपी हे द्रावक हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून बाटली उघडी ठेवू नका. १५ ग्रॅम पूड आणि ८५ ग्रॅम एनएमपी ही सुरुवातीला बरी मात्रा. ६० अंशांवर हळू ढवळत द्रावण काचेसारखं स्वच्छ होईपर्यंत थांबा. याला १२ ते २४ तास लागतात. मग ढवळणं बंद करून तेवढाच वेळ झाकून ठेवा, म्हणजे बुडबुडे निघून जातील. आत राहिलेला प्रत्येक बुडबुडा उद्याचं मोठं छिद्र आहे.

सावधान: एनएमपी गर्भाला आणि प्रजननक्षमतेला घातक आहे आणि त्वचेतून आत जातं. पातळ नायट्राइल हातमोजे त्याला फार वेळ थोपवत नाहीत. ब्युटाइल रबराचे वापरा आणि काम फ्यूम हूडमध्येच (वाफा खेचून घेणाऱ्या कपाटात) करा.

छिद्रं वाढवण्यासाठी पीईजी किंवा पीव्हीपी मिसळायची सवय अनेकांना आहे. पाणी गाळण्याच्या मेम्ब्रेनसाठी ती चांगली सवय. इथे ती पायावर धोंडा पाडून घेणं आहे, कारण हे पाणीप्रेमी पॉलिमर कितीही धुतले तरी थोडे छिद्रांच्या भिंतीत राहतात आणि पुढे द्रवाला आत यायचं आमंत्रण देतात.

स्वच्छ काचेवर, द्रावण पसरवणाऱ्या सुरीची फट २०० मायक्रोमीटर ठेवून एका दमात ओता. ओतल्यापासून बाथमध्ये (फिल्म गोठवणाऱ्या द्रवात) बुडवेपर्यंतचा वेळ ठरवून घ्या, समजा ३० सेकंद, आणि दरवेळी तेवढाच ठेवा. त्या अर्ध्या मिनिटात हवेतली वाफ फिल्ममध्ये शिरून पृष्ठभागाची ठेवण बदलत असते. दमट दिवशी आणि कोरड्या दिवशी ओतलेली मेम्ब्रेन वेगळी निघतात ती याचमुळे. आर्द्रता मोजा आणि लिहून ठेवा.

आता बाथ. सरळ पाण्यात बुडवलं तर वरचा थर झटकन गोठतो, दाट कातडी तयार होते आणि खाली बोटांसारख्या लांब पोकळ्या पडतात. दाट कातडी वायूला अडवते, लांब पोकळ्या द्रवाला वाट देतात. म्हणून पहिला बाथ निम्मं पाणी आणि निम्मं इथेनॉल असा सौम्य घ्या. गोठणं मंदावतं, कातडी पातळ होते, पृष्ठभाग बारीक दाणेदार येतो आणि स्पर्शकोन आपोआप वाढतो. फिल्म पूर्ण पांढरी झाली की दुसऱ्या, साध्या पाण्याच्या बाथमध्ये हलवा.

## टप्पा ४: धुणं आणि सुकवणं

दिसायला कंटाळवाणा टप्पा. माझ्या मते निम्मी मेम्ब्रेन इथेच बिघडतात.

दोन दिवस पाण्यात ठेवा, पाणी दिवसातून तीन-चार वेळा बदला. एनएमपी उरलं तर कामाच्या तापमानाला पॉलिमर मऊ राहतो आणि छिद्रं बसतात.

मग सरळ वाळत घालायचं नाही. ओलं मेम्ब्रेन हवेत सुकवलं तर बारीक छिद्रांतून मागे सरकणारं पाणी आपल्या ७२ च्या पृष्ठताणाने भिंती आत खेचतं. मेम्ब्रेन आक्रसतं, सुरकुततं आणि अर्धवट पारदर्शक होतं. पाण्याच्या जागी आधी कमी पृष्ठताणाचे द्रव आणा:

1. इथेनॉलमध्ये अर्धा तास.
2. ताज्या, निर्जल इथेनॉलमध्ये आणखी अर्धा तास.
3. हेप्टेनमध्ये अर्धा तास.
4. फ्यूम हूडमध्ये सपाट जाळीवर, कडा हलक्या दाबून, पूर्ण सुकेपर्यंत.

इथेनॉलचा पृष्ठताण २२, हेप्टेनचा २० च्या आसपास. जुन्या कृतींमध्ये हेक्झेन लिहिलेलं असतं. चालतं, पण एन-हेक्झेन शरीरात जाऊन मज्जातंतूंना इजा करतं, आणि हेप्टेन तेच काम करतं. हेप्टेन ढगाळलं तर आतलं पाणी गेलेलं नाही. एक पायरी मागे जा.

सावधान: हेप्टेनचा वास येत असेपर्यंत मेम्ब्रेन ओव्हनमध्ये ठेवू नका. आग लागते.

तपासणी: सुकलेलं मेम्ब्रेन सगळीकडे सारखंच दुधाळ पांढरं दिसलं पाहिजे. उजेडासमोर धरल्यावर चकचकीत पारदर्शक डाग दिसला तर तिथली छिद्रं बसली आहेत. तो भाग कापून टाका, त्यावर लेप चढवून तो सुधारत नाही.

## टप्पा ५: लेप खरंच हवा आहे का?

आधी हा प्रश्न. द्रव पाणी असेल, छिद्रं ०.२ मायक्रोमीटरच्या आत असतील आणि दाबाचं गणित जुळत असेल तर लेपाशिवाय काम भागतं. लेपाने छिद्राच्या तोंडाचा कोन वाढतो, घाण कमी चिकटते. पण वायूची वाटही थोडी अडते आणि बिघडायला आणखी एक जागा तयार होते.

लेप करायचाच असेल तर लांब साखळीच्या फ्लोरोसिलेनकडे (फ्लोरिन आणि सिलिकॉन असलेल्या लेपाच्या रसायनाकडे) धावू नका. या कुटुंबातली काही रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत. त्यांपैकी पीएफओए २०१९ मध्ये चिवट प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या बंदी यादीत गेलं. शिवाय सिलेन पकडायला पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट लागतात आणि पीव्हीडीएफवर ते नसतातच. "सिलेनमध्ये बुडवलं, कोन वाढला, धुतल्यावर गेला" ही कहाणी इथूनच येते. सिलेन चिकटलेलं नव्हतं, नुसतं पसरलेलं होतं.

सोपा मार्ग असा. आधीच जलविरोधी केलेली बारीक सिलिका पूड हेप्टेनमध्ये अल्ट्रासॉनिक बाथने मिसळा, त्यात डिंकासारखं काम करायला थोडं पीडीएमएस (सिलिकॉन रबर) आणि त्याचा क्युअरिंग घटक (ते घट्ट करणारं रसायन) घाला, आणि पातळ फवारा मारा. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात बरे. दोन हातांमध्ये हेप्टेन उडू द्या. शेवटी ८० अंशांवर दोन तास. फक्त द्रवाच्या बाजूला फवारा. वायूच्या बाजूला लेपाचा उपयोग नाही, अडचण मात्र आहे. मेम्ब्रेनच्या मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीने खूण करून ठेवा, कारण सुकल्यावर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात आणि मॉड्यूलमध्ये उलटं बसवलेलं मेम्ब्रेन ही कल्पनेपेक्षा फार सामान्य गोष्ट आहे.

सावधान: सिलिका तीव्र अल्कलीत विरघळते. अमाइन किंवा कार्बोनेट द्रावणासाठी सिलिकाचा लेप पहिल्या दिवशी दिमाखदार दिसेल आणि काही आठवड्यांत विरत जाईल. तिथे पीटीएफईच योग्य.

तपासणी: लेपाआधी आणि नंतर त्याच तुकड्यातून, त्याच दाबाला नायट्रोजनचा प्रवाह मोजा. प्रवाह एक चतुर्थांशाहून जास्त घटला तर लेप छिद्रांत उतरला आहे. पातळ करून नव्या तुकड्यावर पुन्हा करा.

## टप्पा ६: चाचण्या, पण याच क्रमाने

एकाच मेम्ब्रेनमधून निदान आठ-दहा छोटे तुकडे कापून ठेवा. मॉड्यूलमध्ये जाणारा मोठा तुकडा नायट्रोजन सोडून कशालाही लावू नका. काही चाचण्या मेम्ब्रेन भिजवतात, आणि एकदा भिजलेलं मेम्ब्रेन सुकवलं तरी पहिल्यासारखं आहे असं धरून चालता येत नाही.

पहिली चाचणी नायट्रोजनच्या प्रवाहाची, कारण ती कोरडी आहे. तीन-चार वेगवेगळ्या दाबांना मोजा. दाब आणि प्रवाहाचा आलेख सरळ रेषेत आला नाही तर गळती शोधा.

दुसरी स्पर्शकोनाची. ३ मायक्रोलिटरचा थेंब, किमान पाच जागा, दोन्ही बाजू, आणि थेंब ठेवल्यापासून ठरावीक १० सेकंदांनी वाचन. पाण्याने मोजा आणि मग तुमच्या शोषक द्रवाने मोजा. दुसरा आकडा न मोजताच पुढे जाणारे इतके आहेत की ही ओळ ठळक अक्षरांत लिहायला हवी होती. दहा मिनिटं थेंब पाहून "कोन घटतोय, मेम्ब्रेन भिजतंय" असा निष्कर्षही घाईने काढू नका. छोटा थेंब उडून जाताना त्याची कड जागेवर राहते आणि कोन आपोआप उतरतो. थेंबाभोवतीची हवा ओली ठेवा, मग बघा.

तिसरी द्रव-प्रवेश दाबाची. कोरड्या तुकड्यावर तुमचाच द्रव भरा, दाब ०.१ बारच्या पायऱ्यांनी वाढवा, प्रत्येक पायरीवर दहा मिनिटं थांबा. पलीकडे पहिला थेंब दिसला तो दाब नोंदवा. घाईने वाढवलेला दाब खोटा मोठा आकडा देतो. तीन तुकडे तपासा आणि तिन्हींमधला सगळ्यात छोटा आकडा धरा, कारण मॉड्यूल भिजतं ते सगळ्यात दुबळ्या जागेतून आणि सरासरीने ती जागा झाकली जाते.

चौथी मुरवण्याची. उरलेले तुकडे कामाच्या तापमानाच्या द्रवात दोन आठवडे बुडवून ठेवा. काढून भरपूर पाण्याने धुवा, सुकवा, आणि रंग, वजन, कोन, दाब पुन्हा पाहा. ही चाचणी वेळखाऊ आहे म्हणून टाळली जाते. तिने सांगितलेलं दुखणं मॉड्यूलमध्ये जाऊन कळलं तर दोन महिने जातात.

## टप्पा ७: मॉड्यूलमध्ये बसवणं

हात लावण्याआधी पूड नसलेले हातमोजे घाला. बोटांचं तेल म्हणजे द्रवाला आत नेणारी पायवाट. ओ-रिंगला ग्रीस लावायची सवयही इथे सोडा. कोरडी, स्वच्छ रिंग पुरते. पोकळ धाग्यांचं मॉड्यूल असेल तर धाग्यांची टोकं पक्की करणारी इपॉक्सी पातळ असताना धाग्यांच्या छिद्रांतून वर चढते आणि कामाचा पृष्ठभाग खाते. थोडी घट्ट झाल्यावर ओता.

आता माझी स्वतःची चूक. नव्या सेलची गळती शोधायला मी सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं होतं, तसं पाइपांना सगळेच लावतात. एक थेंब आत झिरपला. त्या मेम्ब्रेनने पुढचे तीन दिवस काय वाचनं दिली ते सांगण्यासारखं नाही, आणि मी दोष कोऱ्या लेपाला देत राहिलो. साबणाचा पातळ थरही पृष्ठताण कोसळवतो. गळती तपासायची ती दोन्ही बाजूंना सारखा नायट्रोजनचा दाब भरून, व्हॉल्व बंद करून, अर्धा तास दाबमापक बघत.

वायूच्या वाटेवर दोन गोष्टी लावाच: तेल-पाण्याचे थेंब पकडणारा कोअॅलेसिंग फिल्टर आणि त्यानंतर सक्रिय कार्बन. कॉम्प्रेसरमधून येणारी तेलाची धूसर वाफ डोळ्यांना दिसत नाही, पण तेलाचा पृष्ठताण इतका कमी असतो की पीव्हीडीएफला ते सहज भिजवतं.

तपासणी: लेपाची बाजू द्रवाकडे आहे ना? कोपऱ्यातली पेन्सिलीची खूण बघा.

## टप्पा ८: चालू करणं

हा टप्पा थोड्याच वेळाचा, पण क्रम हुकला तर आठवड्यांची मेहनत वाया. दोन मर्यादांच्या मधून चालायचं असतं. वायूचा दाब द्रवापेक्षा जास्त झाला तर वायू बुडबुड्यांनी द्रवात घुसतो आणि मिथेन वाया जातो. द्रवाचा दाब प्रवेश-दाबापाशी गेला तर छिद्रं भरतात. द्रवाचा दाब वायूपेक्षा ०.१ ते ०.२ बार जास्त ठेवणं ही कामाची मध्यरेषा.

1. वायूच्या बाजूने कोरडा नायट्रोजन हळू सोडा आणि सेल कामाच्या तापमानाला आणा.
2. द्रवाचा बाहेरचा व्हॉल्व पूर्ण उघडा. मगच पंप, सगळ्यात कमी वेगावर. द्रव खालून भरा, म्हणजे हवा वरून निघून जाईल.
3. द्रवाचा वेग हळूहळू वाढवा. दाब लागेल तसा बॅक-प्रेशर व्हॉल्व (बाहेरच्या वाटेवरचा, आतला दाब टिकवणारा) पाव-पाव फेरीने आवळा.
4. बुडबुडे नाहीत, वायूच्या बाजूला द्रव नाही, असं पंधरा मिनिटं दिसलं की नायट्रोजनच्या जागी खरा वायू सोडा.

उलट्या दिशांनी प्रवाह असेल तर दाबफरक दोन्ही टोकांना सारखा नसतो. वायू जिथून शिरतो तिथे त्याचा दाब सर्वाधिक, आणि नेमका तिथूनच द्रव बाहेर पडतो म्हणून त्याचा दाब सगळ्यात कमी. बुडबुडे या टोकाला दिसतील. द्रव शिरतो त्या टोकाला फरक सगळ्यात मोठा, भिजणं तिथून सुरू होईल. म्हणून चार दाबमापक लावा, दोन पुरत नाहीत.

पेरिस्टाल्टिक पंपाचे (नळी दाबून द्रव ढकलणाऱ्या पंपाचे) ठोके विसरू नका. दाबमापकाचा काटा सरासरी दाखवतो. ठोक्याचा शेंडा त्याच्या बराच वर असतो. मध्ये ठोके शोषणारा डँपर लावा.

सावधान: बायोगॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो. जास्त प्रमाणात तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, त्यामुळे वास येत नाही म्हणजे वायू नाही असं समजू नका. पहिली चालवणी नेहमी नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडच्या मिश्रणावर करा, आणि खऱ्या वायूला जाण्याआधी गॅस अलार्म लावा.

## टप्पा ९: तापमानाचा सापळा

वाफेचं भिजणं दाबाने होत नाही, म्हणून ते सुटून जातं. ४० अंशांच्या पाण्याचा बाष्पदाब ७.४ किलोपास्कल, २५ अंशांना ३.२. द्रव ४० अंशांचा आणि वायू २५ चा ठेवला तर द्रवातून निघालेली वाफ छिद्रातल्या थंड टोकाला जाऊन पुन्हा पाणी होते. धुराड्यातला वायू ६० अंशांचा, वाफेने भरलेला असेल आणि द्रव थंड असेल तरीही तेच घडतं, फक्त दिशा उलटी. दोन्ही बाबतींत द्रव आत न ढकलता छिद्र भरतं, आणि प्रवेश-दाब कितीही मोठा असला तरी त्याने संरक्षण मिळत नाही.

उपाय साधा आहे. दोन्ही बाजूंची तापमानं जवळ ठेवा, आणि ओला वायू आत येण्याआधी थंड करून, थेंब काढून, पुन्हा थोडा तापवून सोडा, म्हणजे तो संपृक्त राहत नाही.

## टप्पा १०: बंद करणं

चालू करण्याच्या उलट क्रमाने. आधी खरा वायू थांबवून नायट्रोजन, मग द्रवाचा वेग हळूहळू खाली, मग पंप बंद. द्रव काढून घ्या आणि लगेच, त्याच कमी दाबाने, शुद्ध पाणी फिरवा. निघणाऱ्या पाण्याचा सामू आत जाणाऱ्या पाण्याएवढा होईपर्यंत फिरवायचं. शेवटी कोरडा नायट्रोजन.

शनिवार-रविवारसाठी द्रव तसाच आत ठेवून जाणं ही सर्रास दिसणारी चूक. पाणी उडतं, छिद्रांच्या तोंडाशी क्षार साठतात, आणि कार्बोनेटसारखे ओल ओढणारे क्षार सोमवारी स्वतःच द्रव आत ओढून घेतात.

## शोषण घटलं तर काय तपासायचं

घाईने मॉड्यूल उघडू नका. आधी द्रवाचा नमुना काढून आम्लाने टायट्रेट करा (मोजून आम्ल घालत द्रवात किती वायू मुरला आहे ते काढा). द्रव कार्बन डायऑक्साइडने भरला असेल तर शोषण घटणारच, त्यात मेम्ब्रेनचा काही दोष नाही.

द्रव ताजा असेल तर पाण्याने धुवा, कोरड्या नायट्रोजनने पूर्ण सुकवा आणि त्याच परिस्थितीत पुन्हा चालवा. वेग परत आला तर छिद्रं भिजली होती: दाबाच्या नोंदी, तापमान आणि वायूतलं तेल याच क्रमाने तपासा. सुकवून थोडाच परत आला आणि काही तासांत पुन्हा घसरला, तर आत क्षार किंवा साबणासारखं काहीतरी राहिलेलं आहे. तेव्हा मेम्ब्रेन काढा, इथेनॉलने पूर्ण भिजवा, मग पाण्याच्या दोन-तीन बदलांत धुवा, आणि टप्पा ४ प्रमाणे इथेनॉल, हेप्टेन करत सुकवा. पीडीएमएसचा लेप असेल तर हेप्टेन वगळा, कारण त्यात पीडीएमएस फुगतं आणि सिलिका सुटते. दुसऱ्या इथेनॉलनंतर तसंच सुकवा.

सुकवूनही वेग अजिबात परत आला नाही तर तुकडा उजेडात धरून रंग बघा आणि नायट्रोजनचा प्रवाह पहिल्या दिवसाच्या नोंदीशी ताडून पाहा. प्रवाह घटला असेल तर छिद्रं बसली आहेत किंवा घाणीने भरली आहेत. प्रवाह तेवढाच आहे पण शोषक द्रवाचा कोन पडला आहे, तर रसायनाने पृष्ठभाग खाल्ला आहे. ते मेम्ब्रेन टाकून द्या आणि टप्पा १ वर परत या.